पानाचा आकार कोण ठरवतं? टोमॅटोच्या शेंड्यातली गोष्ट

(ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोललोय तसंच ठेवलंय, फक्त 'अं... म्हणजे...' आणि मागच्या कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या काढल्यात.)

बसमध्ये असाल, लोकलमध्ये लटकत असाल, किंवा शेतात मोटर चालू करून बांधावर बसला असाल, हेडफोन नीट लावा. आजचा विषय ऐकायला जरा पुस्तकी वाटेल: पानाला त्याचा आकार कसा मिळतो? पण मी सुरुवात पुस्तकातून करणार नाहीये. सुरुवात करणार आहे माझ्या एका चुकीपासून. ती चूक २० गुंठ्यांची आहे.

एक फोटो आणि माझं उत्तर

माझा मामा जुन्नर तालुक्यात असतो, नारायणगावपासून जवळच. टोमॅटो हे त्याचं मुख्य पीक. मी तेव्हा पुण्यात एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होतो, विषय वनस्पतीशास्त्र. घरात एक पोरगं झाडांचं शिकतंय म्हटल्यावर काय होतं तुम्हाला माहितीये. सगळ्या नातेवाइकांच्या कुंड्या, बागा, प्लॉट, सगळ्यांचे फोटो माझ्या फोनवर.

श्रावणातली गोष्ट. सकाळी सकाळी मामाचा फोटो आला. महिन्याभराचा टोमॅटो. खालची पानं एकदम चांगली, हिरवीगार. पण शेंड्याकडची नवी पानं विचित्र. बारीक, लांबट, दोऱ्यासारखी. शेपूची भाजी असते ना, तशी. खाली मामाचा मेसेज: "भाचे, हा व्हायरस आहे का? उपटू का ठेवू?"

आता लक्षात घ्या, २०२० च्या उन्हाळ्यात आमच्या भागात टोमॅटोवर 'तिरंगा'ची बोंब झाली होती. फळं लाल-पिवळी-हिरवी व्हायची, बाजारात भाव मिळेना. तेव्हापासून 'व्हायरस' हा शब्द नुसता ऐकला तरी लोकांच्या पोटात गोळा येतो. कृषी सेवा केंद्रवाल्यानंही मामाला तेच सांगितलं होतं. आणि मी? मी एका मिनिटात टाइप केलं: "हो मामा, व्हायरसच दिसतोय. मावा पसरवतो. उपटलेलं बरं."

मामानं ऐकलं. प्लॉट होता ३० गुंठे. पहिल्या दिवशी मजूर लावून २० गुंठे उपटले. दुसऱ्या दिवशी मजूर आले नाहीत, मग पावसानं झोडपलं, आणि १० गुंठे तसेच राहिले. तीन आठवड्यांनी मामाचा परत फोटो आला. त्या राहिलेल्या १० गुंठ्यांतल्या झाडांचे शेंडे. नवी पानं अगदी व्यवस्थित. रुंद, कातरलेली, टोमॅटोला शोभतील अशी. खाली मेसेज नव्हता. फक्त फोटो.

व्हायरस लागलेलं झाड असं आपोआप बरं होत नाही. म्हणजे मी चुकलो होतो. पण कुठे चुकलो? ते कळायला मला पान कसं बनतं हे पहिल्यापासून वाचावं लागलं. आजचा भाग त्या वाचनाचा आहे.

आधी टोमॅटोचं पान म्हणजे काय ते बघू

टोमॅटोच्या झाडावर आपण ज्याला एक पान म्हणतो, ते खरं तर पानाचा तुकडा असतो. एका दांड्यावर पाच, सात, नऊ छोटी छोटी 'पानं' दिसतात ना, मध्ये अजून बारीक बारीक? ते सगळं मिळून एक पान. त्या छोट्या तुकड्यांना पर्णिका म्हणतात, आणि अशा पानाला संयुक्त पान. आंब्याचं, पिंपळाचं पान एकसंध असतं, ते साधं पान. मक्याचंही साधंच, नुसती लांब पट्टी.

आता हे पान कधी बनतं? आपल्याला वाटतं, पान आधी लहान असतं, मग मोठं होता होता त्याला आकार येतो. अर्धं बरोबर आहे. पण मुख्य आराखडा त्याच्या कितीतरी आधी ठरलेला असतो. झाडाच्या शेंड्याच्या अगदी टोकाला, कोवळ्या पानांच्या आत लपलेला, पेशींचा एक बारीकसा घुमट असतो. डोळ्यांना धड दिसतही नाही. तिथल्या पेशी सतत विभागत असतात. त्या घुमटाच्या बाजूला एक टेंगूळ येतं. ते टेंगूळ म्हणजे होणारं पान. पर्णिका किती, कुठे, कड कातरलेली की सरळ, यातलं बरंचसं त्या टेंगळावरच ठरतं.

म्हणजे तुम्ही शेतात उभं राहून जे पान बघता, ती जुनी बातमी असते. निर्णय शेंड्यात आधीच होऊन गेलेला असतो. ही एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. पुढे सगळं हिच्यावर उभं आहे.

सगळ्या पेशींत सगळी ॲप, पण चालू कुठली?

२०१२ साली टोमॅटोचा संपूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला. १४ देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून काम केलं होतं, आणि त्यात आपला भारतही होता. पाचव्या गुणसूत्राची जबाबदारी आपल्याकडे होती. त्यातून कळलं की टोमॅटोत साधारण ३५,००० जनुकं, म्हणजे जीन्स आहेत.

आता गंमत बघा. मुळाच्या पेशीत ही ३५,००० जनुकं आहेत. पानाच्या पेशीत तीच. फळाच्या पेशीत तीच. मग मूळ मूळ का, आणि पान पान का?

समजा, एकाच कंपनीचे हजार फोन आहेत. सगळ्यांत तीच ॲप भरलेली. पण कुणी नकाशा उघडलाय, कुणी कॅमेरा, कुणी गाणी. फोन तोच, वापर वेगळा. पेशीचंही तसंच. कुठलं जनुक चालू, कुठलं बंद, किती वेळ चालू, यावर पेशी काय होणार ते ठरतं. यालाच जनुक नियमन म्हणतात.

आणि ही ॲप उघडणारं बोट कुणाचं? तर काही जनुकांपासून असे प्रोटीन बनतात की त्यांचं कामच दुसऱ्या जनुकांना चालू-बंद करणं. प्रत्येक जनुकाच्या शेजारी डीएनएचा एक तुकडा असतो, तो त्याचा स्विच. हे प्रोटीन तिथे जाऊन बसतात. सोपं करून आपण त्यांना 'मुकादम' म्हणू. स्वतः विटा उचलत नाहीत, पण कोण उचलणार, कधी थांबणार, ते सांगतात.

मक्याच्या गाठी

पहिला मुकादम सापडला मक्यात. मक्याचं एक विचित्र वाण होतं. पानाच्या शिरांवर गाठी यायच्या, म्हणून नाव पडलं 'नॉटेड'. १९९१ साली अमेरिकेत सारा हेक यांच्या प्रयोगशाळेनं त्यामागचं जनुक शोधून काढलं. माशीच्या शरीरात कुठे पाय, कुठे पंख हे ठरवणारी जनुकं तोपर्यंत माहीत झाली होती. हे त्याच जातकुळीतलं निघालं, आणि झाडांमध्ये ते पहिलंच.

या जनुकाचं काम काय? शेंड्यातल्या पेशींना सांगणं: "अजून ठरवू नका. विभागत राहा. तरुण राहा." शेंड्यात हे चालू असतं. जिथे पान निघणार तिथे ते बंद होतं. बंद झालं की पेशींना कळतं, आता पान व्हायचं. त्या विचित्र मक्यात ते पानातही चुकून चालू राहायचं. पेशी आपल्या विभागतायत, विभागतायत, आणि पानावर गाठी.

मग १९९६ साली इस्राएलमधल्या शास्त्रज्ञांनी हे मक्याचं जनुक टोमॅटोत घातलं आणि सगळीकडे चालू ठेवलं. गाठी आल्या का? नाही! पानावर पर्णिका, पर्णिकेवर पर्णिका, त्यावर अजून पर्णिका. एका पानावर शेकड्यांनी पर्णिका आल्या.

मुकादम तोच, मक्यात गाठी आणि टोमॅटोत पर्णिका. कारण टोमॅटोच्या पानात त्या जातीचं जनुक मुळातच थोडा वेळ चालू असतं. मक्यात पान निघताना ते बंद होतं आणि बंदच राहतं. टोमॅटोत ते कोवळ्या पानात परत चालू होतं. त्यामुळे टोमॅटोचं पान थोडा जास्त वेळ 'शेंडा' असल्यासारखं वागतं, आणि त्या वेळात त्याला कडेनं नव्या पर्णिका फुटतात.

"आता पुरे" म्हणणारा

पण नुसतं "चालू दे, चालू दे" म्हणून भागत नाही. कुणीतरी "बास, आता पुरे" म्हणायला हवं. टोमॅटोत ते काम करणाऱ्या एका जनुकाचं नाव आहे लॅन्सिओलेट. लॅन्स म्हणजे भाला. हे जनुक बिघडलेल्या टोमॅटोचं पान भाल्याच्या पात्यासारखं साधं, अरुंद, लहान होतं. पर्णिका जवळजवळ नाहीतच.

बिघाड काय होता? २००७ मध्ये नाओमी ओरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो उलगडला. लॅन्सिओलेटचा मुकादम कोवळ्या पानाला सांगतो: "मोठा हो, पक्का हो, फुटवे पुरे." पण हे त्यानं फार लवकर सांगू नये म्हणून त्याच्यावर अजून एक लगाम असतो. तो म्हणजे साधारण २१ अक्षरांचा आरएनएचा एक इवलासा तुकडा. याला मायक्रोआरएनए म्हणतात. तो लॅन्सिओलेटचा निरोप पोचायच्या आधीच गाठतो आणि तोडून टाकतो. बिघडलेल्या झाडात लॅन्सिओलेटच्या ज्या जागी हा तुकडा चिकटतो, ती जागाच बदलली होती. लगाम बसेना. "आता पुरे" फार लवकर ऐकू आलं, आणि पान घाईघाईत मोठं झालं.

म्हणजे बघा, इकडे "चालू दे" म्हणणारा, तिकडे "पुरे" म्हणणारा. या दोघांत किती वेळ जातो, त्यावर पानाचा आकार. वेळ जास्त, तर पान जास्त विभागलेलं. वेळ कमी, तर पान साधं.

एका अक्षराचा फरक

हे फक्त प्रयोगशाळेत होतं असं वाटत असेल, तर चला गॅलापागोस बेटांवर. हो, डार्विनवालीच. तिथे रानटी टोमॅटोच्या दोन जाती आहेत. एकीची पानं आपल्या टोमॅटोच्या जवळपास. दुसरीची पानं इतकी बारीक कातरलेली की लांबून कोथिंबीर वाटावी. या दुसऱ्या जातीला २००३ मध्ये स्वतंत्र नाव मिळालं, आणि ते देणाऱ्यांत होत्या सारा डार्विन, त्याच चार्ल्स डार्विनच्या वंशज.

फरक कशामुळे? २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात, डेव्हिसला, नीलिमा सिन्हा यांच्या प्रयोगशाळेनं शोधलं. डीएनएचं एक अक्षर गळालं होतं. एक! आणि तेही जनुकाच्या आत नाही, शेजारच्या स्विचमध्ये. त्यामुळे ते जनुक पानात जास्त जोरात चालू होतं. त्याचा प्रोटीन स्वतः कुठला स्विच दाबत नाही. तो फक्त मघाच्या मुकादमाच्या जोडीदाराला धरून ठेवतो. जोडीदार अडकला की सगळं गणित हलतं, आणि पान कोथिंबिरीसारखं होतं.

"बरं, पान कातरलेलं असो नाहीतर गोल, आम्हाला काय?" असं कुणी म्हणेल. तर त्याच प्रयोगशाळेच्या २०२० च्या अभ्यासात असं दिसलं की गोलसर, बटाट्यासारखी पानं असलेल्या टोमॅटोच्या जातींत फळाची गोडी आणि उत्पन्न यांचा एकत्र हिशोब सरस येतो. शेवटी साखर पानातच बनते. पानाचा आकार ही नुसती शोभा नाही.

मग मामाच्या शेतात काय झालं?

आता येतो मूळ प्रश्नाकडे. टोमॅटोच्या त्या टेंगळावर पर्णिका नेमकी कुठे फुटणार, हे कोण सांगतं? त्याचं उत्तर आहे ऑक्सिन. झाडाचा स्वतःचा संप्रेरक, म्हणजे हार्मोन. कोवळ्या पानाच्या कडेला जिथे ऑक्सिन साठतं, तिथे पर्णिका फुटते. दोन पर्णिकांच्या मधल्या जागेत ऑक्सिनचा प्रभाव दाबून ठेवलेला असतो. 'इथे फूट, इथे नको, इथे फूट, इथे नको', असा तो हिशोब आहे. टोमॅटोत मधल्या जागा शांत ठेवणारं एक जनुक बिघडलं की पर्णिका एकमेकींना चिकटून पान जवळजवळ एकसंध होतं.

ऑक्सिन हे सगळं करतं कसं? पेशीत काही मुकादम झाकण लावून बसवलेले असतात. ऑक्सिन आलं की ते झाकण मोडून टाकलं जातं. मुकादम मोकळा, कामाला सुरुवात.

आता ऐका. १९४० च्या दशकापासून जगभर एक तणनाशक वापरलं जातं. टू-फोर-डी. मका, ऊस, गहू अशा गवतवर्गीय पिकांत रुंद पानांचं तण मारायला आपल्याकडे सर्रास वापरतात. ते मारतं कसं? ते नकली ऑक्सिन आहे. झाडाला ते आपलंच ऑक्सिन वाटतं, पण झाड स्वतःच्या ऑक्सिनसारखं ते पटकन निकामी करू शकत नाही. मोठ्या मात्रेत तण मरतं. आणि अगदी थोड्या मात्रेत? मरत नाही. फक्त 'इथे फूट, इथे नको' हा हिशोब विस्कटतो. सगळीकडून एकच हाक: ऑक्सिन, ऑक्सिन, ऑक्सिन. पानाला रुंदी धरता येत नाही, शिरा जवळ जवळ, पान दोऱ्यासारखं. टोमॅटो, द्राक्ष, कापूस या बाबतीत फार नाजूक. कापसाची पानं यामुळे भेंडीच्या पानासारखी झालेली अनेकांनी पाहिली असतील.

मी मामाला फोन केला. "मामा, त्या आठवड्यात कसली फवारणी केली होती?" म्हणाला, "करप्याचं औषध मारलं, बाकी काही नाही." "पंप कुठला?" तो जरा थांबला. "आपला बिघडला होता रे. शेजारचा आणला होता." शेजाऱ्यानं त्याच पंपानं मक्यात टू-फोर-डी मारलं होतं. पंप विसळला होता, पण नुसत्या पाण्यानं, घाईत.

आणि मग सगळं जुळत गेलं. जुनी खालची पानं चांगली, कारण त्यांचा निर्णय फवारणीच्या आधीच झाला होता. बिघडली फक्त ती पानं, जी त्या दिवशी शेंड्यात टेंगूळ होती. राहिलेले १० गुंठे हे शेवटी फवारलेले. पहिल्या काही टाक्यांतच पंपातला बराचसा अंश धुऊन गेला होता, म्हणून तिथे मात्रा कमी होती. तिथले शेंडे सावरले आणि पुढची पानं नीट आली.

प्रामाणिकपणे सांगतो, उपटलेल्या २० गुंठ्यांतली सगळी झाडं वाचली असती असं मी म्हणत नाही. पहिल्या टाक्यांचा मार तिथेच बसला होता. पण काही नक्की वाचली असती. मी थांबा म्हणायला हवं होतं, आणि मी थांबा म्हटलं नाही.

पण दोन्ही इतकं सारखं का दिसतं?

हा प्रश्न मला छळत होता. एक विष, एक विषाणू. दोन्हींत पान सारखं दोऱ्यासारखं का होतं?

काकडी मोझॅक व्हायरस म्हणून एक विषाणू आहे. तो टोमॅटोत अगदी अशीच दोरपानं करतो. झाड विषाणूशी लढतं ते लहान लहान आरएनएच्या तुकड्यांनी. ते विषाणूचा निरोप ओळखतात आणि तोडतात. मघाशी लॅन्सिओलेटला लगाम घालणारा तुकडा आठवतो? तशीच यंत्रणा. विषाणू हुशार. त्याच्याकडे एक प्रोटीन आहे, जो झाडाची ही कात्रीच अडवतो. पण झाड ती कात्री फक्त लढाईला वापरत नाही, पान घडवायलाही वापरतं. कात्री अडकली की पानही बिघडतं.

याचा पुरावा मिळाला २०१२ मध्ये. टोमॅटोची काही जुनी वाणं आहेत, 'वायरी', म्हणजे तारेसारख्या पानांची. ना विषाणू, ना तणनाशक, तरी पानं तारेसारखी. इस्राएलमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की या वाणांत त्या लहान आरएनए बनवणाऱ्या यंत्रणेतलाच एखादा भाग बिघडलेला आहे. त्यामुळे कुणावरचा लगाम सुटतो? ऑक्सिनचा कारभार बघणाऱ्या दोन मुकादमांवरचा!

म्हणजे तणनाशक पुढच्या दारानं येतं, विषाणू मागच्या दारानं. पण दोघंही गोंधळ घालतात तो एकाच खोलीत. म्हणून मामा फसला, दुकानदार फसला, आणि मीही फसलो. पान बघून कारण ओळखायला गेलो, आणि पान दोन्हीकडे तेच सांगत होतं.

मग बघायचं काय?

पानाच्या पलीकडे बघायचं. मी आता फोटो आला की हे विचारतो:

एक, बिघडलेली झाडं प्लॉटमध्ये कशी पसरलीत? एकाच वेळी सलग, एका बाजूला जास्त आणि पुढे कमी कमी होत गेलेली, किंवा शेजारच्या फवारलेल्या शेताकडच्या कडेला असतील, तर तणनाशकाचा संशय घ्या. इथे एक, तिथे दोन, आणि दर आठवड्याला नवी भर, असं असेल तर विषाणू.

दोन, पानावर फिकट-गडद हिरवे चट्टे आहेत का? शेंड्यात मावा आहे का? असेल तर विषाणूकडे पारडं झुकतं.

तीन, मागच्या दोन-तीन आठवड्यांत कुठला पंप वापरला, आणि त्याआधी त्यात काय होतं? शेजारी कुणी मका, ऊस फवारला का? वारा कुठला होता?

चार, आजूबाजूची दुसरी झाडं बघा. टोमॅटोसोबत बांधावरची भेंडी, घेवडा, द्राक्षाची वेल, रुंद पानांचं तण, सगळ्यांचेच शेंडे वाकडे झाले असतील, तर एका पिकाचा विषाणू इतक्या जणांना एकाच दिवशी धरत नाही.

आणि पाच, शेंडा. काही झाडांच्या शेंड्याला दोरा बांधून खूण करा आणि त्याच्या वर येणारी नवी पानं बघत राहा. सावरत चालली तर थांबा.

पण हेही नीट ऐका: 'थांबा' हा मंत्र सगळीकडे चालत नाही. पाच-दहाच झाडं आहेत, विखुरलेली आहेत, मावाही आहे, तर ती उपटून लांब नेऊन टाकणंच बरोबर. वाट बघाल तर मावा बाकीच्यांना पोचवेल. शंका असेल तर नमुना घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जा. आणि तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. त्यावर लाल रंगानं मोठं 'त' लिहा. मामाच्या गोठ्यात आता असा पंप टांगलेला आहे, आणि तो कुणाला उसनाही देत नाहीत.

शेवटी

मी जीन, प्रोटीन, आरएनए, सगळं परीक्षेसाठी पाठ केलं होतं. नॉटेड कुणी शोधलं, कोणत्या साली, मला येत होतं. पण मामाच्या फोटोत खालची पानं चांगली आणि वरची बिघडलेली होती, ही एवढी मोठी खूण समोर असताना मी तिचा अर्थ लावला नाही. पान शेंड्यात ठरतं, हे मला माहीत होतं आणि तरी माहीत नव्हतं.

मामा मला त्यावरून कधी बोलला नाही. पुढच्या वर्षी लागवड केली तेव्हा पहिला फोटो त्यानं मलाच पाठवला. मी या वेळी लगेच उत्तर दिलं नाही. आधी विचारलं, "मामा, शेंड्याचा जवळून फोटो पाठवता का?" त्याचं उत्तर आलं, "पाठवतो. पंप आपलाच आहे."

तर मंडळी, उद्या बाल्कनीतल्या कुंडीत किंवा शेतात टोमॅटोचं झाड दिसलं तर पानं बघा, पण मग हळूच शेंडा उघडून त्याच्या आतही बघा. पुढच्या पंधरवड्याची पानं तिथे आत्ता ठरतायत.

तुमच्या घरी असा प्रसंग आला असेल, चुकीचा किंवा बरोबर, तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकू. तोपर्यंत काळजी घ्या, आणि उसना पंप तीनदा धुवा. भेटू!